लगोरी, गोविंदा आणि २४ व्होल्ट

२००८ सालच्या ऑगस्टमध्ये पुण्यात, बालेवाडीच्या क्रीडासंकुलात, एक आगळी दहीहंडी रंगली. थर लावणारी पोरं नव्हती. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, मोटारी आणि तारांची जुडगी यांतून उभी राहिलेली यंत्रं होती. ती घेऊन जपान, चीन, व्हिएतनाम, थायलंड अशा कितीतरी देशांतून विशी-बाविशीतले विद्यार्थी पुण्यात उतरले होते. खेळाचा विषय होता गोविंदा. बाळकृष्ण शिंक्यावरचं लोणी पळवतो, तसं या यंत्रांनी उंचावरचं लोणी काढायचं, आणि तेही प्रतिस्पर्ध्याच्या यंत्रांआधी. शिंक्याला हात पोचत नसेल तर काय करायचं, हा गोकुळातला प्रश्न व्हिएतनामच्या आणि जपानच्या मुलांनी काही महिने आपापल्या वर्कशॉपमध्ये सोडवत घालवला होता. उत्तर बरोबर आलं की नाही, हे सांगायला कोणी परीक्षक लागणार नव्हता. लोणी हाती आलं म्हणजे बरोबर.

या स्पर्धेचं नाव एबीयू रोबोकॉन. एबीयू ही आशिया-प्रशांत भागातल्या प्रसारण संस्थांची संघटना. अभियांत्रिकीची स्पर्धा टीव्हीवाल्यांनी भरवावी याचं नवल वाटेल. पण यंत्रं झुंजताना लोक जागचे हलत नाहीत, हे जपानच्या एनएचकेला आपल्या देशात आधीच कळून चुकलं होतं. २००२ साली टोकियोत पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. प्रत्येक देशाची वाहिनी आपल्याकडे राष्ट्रीय फेरी घेते आणि विजेता संघ पुढे पाठवते. आपल्याकडे हे काम दूरदर्शनचं. ही राष्ट्रीय फेरी कितीतरी वर्षं पुण्यात, एमआयटीच्या यजमानपदाखाली होत असे. नंतर ती दिल्लीला गेली. पण पुण्यातल्या त्या वर्षांमुळे पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत, सीओईपीत, व्हीजेटीआयत, पीआयसीटीत, सोमय्यात, रोबोकॉन हा शब्द एखाद्या गावच्या जत्रेसारखा रुजला. जत्रेआधीची लगबग वेगळी, नंतरचं रितेपण वेगळं, आणि ‘आमच्या वर्षी’ म्हणून सुरू होणाऱ्या गोष्टी तर संपता संपत नाहीत.

खेळ कोणता, हे यजमान देश ठरवतो. तो बहुधा आपल्या मातीतलाच काहीतरी काढतो. टोकियोत पहिल्या वर्षी फुजी पर्वत होता. सोलमध्ये वर्षातून एकदाच भेटणाऱ्या प्रेमिकांची कोरियन लोककथा होती. २००९ मध्ये टोकियोतच यंत्रांनी मिळून जपानी पालखी वाहायची होती. कैरोत २०१० साली पिरॅमिड रचायचे होते. व्हिएतनामनं २०१८ साली सणासुदीला कड्यातून गोंडा फेकायचा आपला खेळ दिला. मंगोलियानं २०१९ साली घोडेस्वार निरोप्यांची जुनी टपालव्यवस्था मैदानात आणली; त्यातला दुसरा निरोप्या चाकांवर चालायचा नाही, घोड्यासारखा चार पायांवरच चालला पाहिजे, अशी अट घातली. एका वाक्याची अट, पण तिनं आशियाभरच्या मुलांच्या झोपा उडवल्या. चाक लावून पळवणं तोवर सगळ्यांना जमू लागलं होतं. आता एक पाय उचलला की उरलेल्या तिघांवर तोल कसा राहतो, इथून सुरुवात.

आणि २०२२ साली नवी दिल्लीला यजमानपद आलं, तेव्हा भारतानं दिली लगोरी. एका संघाच्या यंत्रानं चेंडू मारून रचलेली चकत्यांची चळत पाडायची, त्याच संघाच्या दुसऱ्या यंत्रानं ती पुन्हा रचायची. खाली मोठी चकती, वर क्रमानं लहान, अशा पाच चकत्या. रचणाऱ्या यंत्राच्या डोक्यावर एक चेंडू ठेवलेला. प्रतिस्पर्ध्यानं आपल्या चेंडूनं तो उडवला की रचणं थांबलं. आपण अंगणात खेळायचो तेव्हा पाठीत बसणारा चेंडू तो हाच.

मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते ती ही प्रश्नपत्रिका. आपल्याकडे अभियांत्रिकीचा विद्यार्थी चार वर्षांत शेकडो प्रश्न सोडवतो आणि त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाचं उत्तर आधीच कुठेतरी छापलेलं असतं. मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका चाळल्या की पेपर कसा येईल याचा अंदाज बांधता येतो. रोबोकॉनमध्ये मागच्या वर्षीचं यंत्र पुढच्या वर्षी कामाचं उरत नाही. त्यातल्या मोटारी काढून घ्यायच्या, सांगाडा कोपऱ्यात ठेवायचा. पालखी वाहणारं यंत्र पिरॅमिड रचत नाही. नियमपुस्तिका हातात पडते तेव्हा त्या खेळाचं उत्तर कोणाजवळच नसतं. प्राध्यापकाजवळ नसतं, क्लासवाल्याजवळ नसतं, गेल्या वर्षीच्या विजेत्याजवळही नसतं. आपल्या शिक्षणात अशी समान सुरुवात फार थोड्या ठिकाणी मिळते.

या कल्पनेचं मूळ टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या एका प्राध्यापकाच्या वर्गात आहे. मासाहिरो मोरी हे त्यांचं नाव. यंत्रमानव माणसासारखा दिसू लागला की एका टप्प्यावर तो आवडेनासा होतो, अंगावर शहारे आणतो, हे त्यांनी १९७० साली एका छोट्या लेखात मांडलं आणि त्या लेखामुळे ते जगभर ओळखले गेले. बौद्ध विचारांचा त्यांचा अभ्यास होता. यंत्रमानव आणि बुद्ध यांच्यावर त्यांचं पुस्तकही आहे. पण शिक्षक म्हणून त्यांनी जे केलं ते मला त्या लेखाहून मोठं वाटतं. १९८१ साली त्यांनी विद्यार्थ्यांना कोरड्या बॅटरीचे दोन सेल दिले आणि सांगितलं, एवढ्या ऊर्जेत माणसाला बसवून पळेल अशी गाडी करा.

टॉर्चमधले सेल. माणसाचं वजन पन्नास-साठ किलो. पहिल्या क्षणी हे अशक्य वाटतं. मग विचार सुरू होतो. सेलमध्ये ऊर्जा तशी बरीच असते, पण ती हळूहळू बाहेर येते. म्हणजे ती आधी कुठेतरी साठवावी लागेल. रबरात साठवायची? स्प्रिंगमध्ये? जड फिरत्या चाकात? घर्षण कुठे कुठे खातं? बेअरिंग नीट बसलं नाही तर काय होतं? पुस्तकातलं ऊर्जेच्या अक्षय्यतेचं तत्त्व इथे हाताला लागतं, कारण वाया गेलेली प्रत्येक कणभर ऊर्जा म्हणजे गाडी तेवढी अलीकडे थांबणार. पुढे १९८८ साली एनएचकेनं जपानच्या तंत्रनिकेतनांसाठी रोबोकॉन सुरू केला, तेव्हा पहिल्या वर्षीचा खेळ हाच होता, सेलवर पळणाऱ्या गाड्यांची शर्यत. जपानमधल्या या तंत्रनिकेतनांत मुलं साधारण पंधराव्या वर्षी, म्हणजे आपल्या दहावीच्या वयात, प्रवेश घेतात. एनएचकेनं कॅमेरे सुरुवातीला नामांकित विद्यापीठांकडे वळवले नाहीत, हाताला काळं लागणाऱ्या या मुलांकडे वळवले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे या स्पर्धेची तयारी कशी चालते, हे पाहायचं तर वर्कशॉपमध्ये रात्री जावं. दिवसा लेक्चरं, प्रॅक्टिकलं, सबमिशन. खरं काम संध्याकाळनंतर. मेकॅनिकलवाले, इलेक्ट्रॉनिक्सवाले आणि कॉम्प्युटरवाले एरवी एकमेकांच्या इमारतीत फिरकत नाहीत. इथे मात्र एकाच यंत्राभोवती उकिडवे बसलेले असतात. यंत्र चालत नाही, तेव्हा पहिला तास दोष कोणाचा हे ठरवण्यात जातो. मेकॅनिकलवाला म्हणतो कोडमध्ये गडबड आहे, कोडवाला म्हणतो चाक तिरकं बसलंय, आणि शेवटी निघते ती सुटलेली एक वायर. आपली चूक दुसऱ्याच्या कामात कशी दिसते, हे पुढे नोकरीत शिकायला फार महाग पडतं. इथे ते एकोणिसाव्या वर्षी कळतं.

सामान गोळा करणं हाही एक अभ्यासक्रमच. पुण्यात स्क्रू, नट-बोल्ट आणि अवजारांसाठी बोहरी आळी, इलेक्ट्रॉनिक्ससाठी तपकीर गल्ली. मुंबईत लॅमिंग्टन रोड. पत्रा कापून घ्यायचा तर भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एखादा ओळखीचा कारखानदार गाठायचा आणि त्याच्या मोठ्या ऑर्डरीच्या मधल्या वेळात आपला छोटासा जॉब करून घ्यायचा. कागदावर काढलेला भाग लेथवर का होत नाही, हे तिथला टर्नर दोन वाक्यांत सांगतो. चौकोनी भोकाचा कोपरा काटकोनात हवा असं लिहिणं सोपं असतं. फिरतं कटर आत तसा कोपरा काढू शकत नाही, हे त्याच्याशेजारी उभं राहिल्यावर कळतं. अनेक मुलांची कारागिराशी बरोबरीच्या नात्यानं झालेली ही पहिलीच गाठ असते. एरवी पदवी मिळेपर्यंत ती होत नाही, आणि पदवीनंतर ती बरोबरीची राहत नाही.

दाबलेल्या हवेवर चालणारे सिलिंडर या यंत्रांत सर्रास असतात. ते एका झटक्यात वस्तू ढकलतात, उचलतात, फेकतात. ती हवा साठवायला टाकी हवी, आणि टाकी जड. वजनाला तर मर्यादा. अलीकडच्या वर्षांत संघाची सगळी यंत्रं मिळून साधारण ५० किलोंच्या आत बसवावी लागतात. मग मुलांच्या लक्षात येतं की थंड पेयाची प्लास्टिकची बाटली दाब चांगला सहन करते, कारण पेयातल्या वायूचा दाब पेलण्यासाठीच ती बनलेली असते. म्हणून जगभरच्या रोबोकॉनच्या यंत्रांवर कोल्ड्रिंकच्या बाटल्या बांधलेल्या दिसतात. दाब किती चालेल, बॅटरी किती व्होल्टची, हे सगळं नियमात बांधलेलं. २४ व्होल्टच्या वर जायचं नाही. अशा कुंपणांतच खरी कल्पकता दिसते. सगळ्यांना तेवढीच हवा आणि तेवढीच वीज. फरक पडतो तो डोक्यानं.

मग येतं ट्यूनिंग, आणि बहुतेक रात्री त्यातच जातात. यंत्राला एक मीटर पुढे जाऊन थांबायला सांगितलं तर ते दहा सेंटिमीटर पुढे जातं, मग चूक सुधारायला मागे येतं, मग पुन्हा पुढे, आणि थरथरत राहतं. चूक किती आहे, किती वेळ साचली आहे आणि किती वेगानं बदलते आहे, या तीन गोष्टींना किती किती महत्त्व द्यायचं, हे तीन आकडे बदलत बदलत जुळवायचे असतात. वर्गात हे एका समीकरणात मावतं. जमिनीवर मात्र बॅटरी उतरली की आकडे चुकतात, फरशीवर धूळ असली की चुकतात, वर्कशॉपच्या फरशीवर जमलेलं मैदानातल्या रंगवलेल्या लाकडावर बिघडतं. विज्ञान म्हणजे मोजणं, हे वाक्य पाठ असलेली मुलं इथे पहिल्यांदा खरोखर मोजायला बसतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक फेरीचा आकडा वहीत लिहायचा.

मैदानात खेळ बहुधा उणापुरा तीन मिनिटांचा. आत फक्त तीन विद्यार्थी. यंत्र अडकलं तर पंचाकडे ‘रिट्राय’ मागता येतो. यंत्र उचलून सुरुवातीच्या चौकोनात आणायचं आणि पुन्हा सोडायचं. घड्याळ मात्र थांबत नाही. रिट्राय कधी मागायचा हा निर्णय त्या तिघांचा, आणि तो काही क्षणांत घ्यायचा. वाट पाहिली तर यंत्र कदाचित स्वतःच सुटेल. मागितला तर दहा सेकंद नक्की गेले. लेखी परीक्षेत पेपर हातातून गेला की संपलं. इथे नापास झालेलं यंत्र हजारो लोकांसमोर उचलून परत आणायचं आणि पुन्हा सोडायचं असतं, आणि त्यात लाज वाटायचं काही नाही हे खेळाच्या नियमातच लिहिलेलं असतं.

पुण्याला दुसऱ्यांदा, २०१४ साली, यजमानपद मिळालं तेव्हा ठरवलेला विषय माझा सर्वांत आवडता आहे. मातापित्यांना मानवंदना असा तो विषय होता. एक मोठं यंत्र, ते पालक. ते विद्यार्थी चालवणार. दुसरं लहान, ते मूल, ते स्वयंचलित. पालक-यंत्रानं मूल-यंत्राला उचलून बागेत न्यायचं, सी-सॉवर बसवायचं, खांबांवरून चालवायचं, झोपाळ्यावर झुलवायचं आणि जंगलजिममध्ये चढू द्यायचं. सगळं पुरं झालं की विजयाची हाक होती ‘शाब्बास’. यंत्रशास्त्राच्या नजरेनं यात अवघड काय, ते पाहा. झोपाळ्यावर बसवताना मूल-यंत्र सोडायचं कधी? झोपाळा तर हलतोय. जरा लवकर सोडलं तर ते पडतं, उशिरा सोडलं तर झोका मोडतो. घट्ट धरलं तर त्याला पुढे स्वतः चढता येत नाही. हा नियम लिहिणाऱ्यानं मुलं वाढवलेली असावीत, असं मला नेहमी वाटतं. त्या वर्षी जिंकलं व्हिएतनामचं लाक हाँग विद्यापीठ.

व्हिएतनामचा उल्लेख इथे थोडा सविस्तर करायला हवा. पहिल्या १७ स्पर्धांपैकी, म्हणजे २००२ ते २०१८ पर्यंत, सात स्पर्धा व्हिएतनामनं जिंकल्या. त्या काळातल्या विजेत्यांच्या यादीत जपान आहे, चीन आहे, थायलंड आहे, मलेशिया आहे, भारत नाही. आपल्या मुलांत काही कमी आहे, असं मला वाटत नाही. अहमदाबादच्या निरमा विद्यापीठानं राष्ट्रीय फेरी पुन्हा पुन्हा जिंकली, कारण तिथे ज्येष्ठ विद्यार्थ्यांचं ज्ञान खालच्या वर्षाच्या हाती पडत राहिलं. आपल्या अनेक महाविद्यालयांत ते शेवटच्या वर्षाच्या मुलांबरोबर कंपनीत निघून जातं. संघ हजेरीसाठी झगडतो, वर्कशॉपची किल्ली रात्री कोणाकडे मागायची यावर अडतो. हे प्रश्न पैशांनी सुटत नाहीत. महाविद्यालयानं हे काम अभ्यासाचाच भाग मानलं तर सुटतात.

पैशाचं म्हणावं तर अमेरिकेतली एक घटना आठवते. २००४ साली, कॅलिफोर्नियात सांता बार्बरा इथे, पाण्याखालच्या यंत्रांची ‘मेट’ ही स्पर्धा होती. ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरातल्या कार्ल हेडन हायस्कूलचे चार विद्यार्थी त्यात महाविद्यालयांच्या गटात उतरले. मेक्सिकोहून आलेल्या गरीब कुटुंबांतली मुलं, कोणाजवळच अमेरिकेत राहण्याची कागदपत्रं नाहीत. त्यांचं यंत्र नळाच्या प्लास्टिक पाइपांचं, खर्च सुमारे ८०० डॉलर. ऐनवेळी विजेच्या सर्किटच्या पेटीत पाणी झिरपू लागलं, तर त्यांनी दुकानातून टॅम्पॉन आणून आत भरले. पाणी शोषायला त्याहून चांगलं काय मिळणार? स्पर्धेत अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी होतं, म्हणजे जगभर जिला एमआयटी म्हणतात ती संस्था. ती दुसरी आली आणि ही मुलं पहिली. त्यांच्यावर नंतर लेख झाले, माहितीपट झाला, २०१५ साली चित्रपटही आला. पण ही गोष्ट नुसती गोड करून सांगणं बरं नव्हे. जिंकल्यानंतरही त्यांच्या कागदपत्रांचा प्रश्न सुटला नाही. अभियांत्रिकीची दारं त्यांच्यातल्या बहुतेकांना सहज उघडली नाहीत. स्पर्धेनं त्यांची लायकी सिद्ध केली. पुढची जबाबदारी समाजाची होती.

त्याच एमआयटीत वुडी फ्लॉवर्स नावाचे प्राध्यापक होते. १९७० च्या दशकात ते आपल्या रचनाशास्त्राच्या वर्गात प्रत्येक विद्यार्थ्याला एकसारखं किरकोळ सामान देत आणि त्यातून यंत्र करून वर्गमित्राशी झुंजवायला लावत. संशोधक-उद्योजक डीन केमन यांच्यासोबत त्यांनी शाळकरी मुलांसाठी ‘फर्स्ट’ ही स्पर्धा उभी केली. पहिला सामना १९९२ साली न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टरला एका शाळेच्या व्यायामशाळेत झाला. फ्लॉवर्स २०१९ साली गेले. त्यांनी या स्पर्धेला दिलेला संस्कार मला विशेष वाटतो. तिथे तीन-तीन संघांच्या युती खेळतात, आणि एका सामन्यात समोर असलेला संघ पुढच्या सामन्यात आपल्या बाजूला येऊ शकतो. म्हणून प्रतिस्पर्ध्याची मोटार जळाली तर आपली जादा मोटार काढून देणं हे तिथे रोजचं आहे. जिंकायचं ते समोरच्याचं यंत्र धडधाकट असताना.

आपल्या शाळांकडे येऊ. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेतून २०१६ पासून देशभर दहा हजारांवर शाळांत प्रयोगशाळा झाल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान. काही शाळांत शिक्षकांनी त्यात जीव ओतलाय. काही ठिकाणी मात्र सामान काचेच्या कपाटात आहे आणि पाहुणे आले की कुलूप निघतं. शहरांत रोबोटिक्सचे क्लासही निघालेत. तिथे किट विकत मिळतं, पुस्तिकेप्रमाणे जोडायचं, दोन तासांत गाडी काळ्या रेषेवरून पळते, आई-बाबा व्हिडिओ काढतात. त्यात वाईट काही नाही, पण ते शिकणंही नाही. उत्तर पेटीतच आलेलं असतं.

याउलट आयआयटी मुंबईचा ‘ई-यंत्र’ हा उपक्रम पाहावा. प्राध्यापक कवी आर्य यांच्या नेतृत्वाखाली २०१२ पासून त्यांची स्पर्धा चालू आहे. चौघांचा संघ, आधी घरबसल्या शिकायचं, दिलेली कामं पार पाडायची, आणि पुढे गेलेल्या संघांच्या हाती खरं यंत्र पोचवलं जातं. मग त्या यंत्राशी त्यांनी आपल्या महाविद्यालयात झटायचं. त्यामुळे वर्कशॉप नसलेल्या, पुण्या-मुंबईपासून दूरच्या महाविद्यालयातली मुलंही यात येऊ शकतात. स्पर्धा मुलांना शहरात बोलावते तेव्हा काहीच येतात. ती त्यांच्या दारी जाते तेव्हा खूप येतात.

आणि म्हणूनच मला वाटतं, महाराष्ट्रानं आता आपली स्वतःची स्पर्धा काढावी. शासकीय तंत्रनिकेतनं आणि आयटीआयच्या मुलांसाठी. सांगाडा स्क्रॅपमधून, खर्चाची मर्यादा कडक, खेळ दरवर्षी नवा आणि इथल्या अंगणातला. आट्यापाट्या घ्या. नऊ पाट्या, प्रत्येक पाटीवर एक यंत्र, त्यानं आपली पाटी सोडायची नाही. मधल्या सूरपाटीवरचं यंत्र मात्र उभं, मैदानाच्या लांबीच्या दिशेनं धावणार. या सगळ्यांना चकवून पलीकडे जायचं तर येणाऱ्या यंत्राला समोरच्याच्या हालचालीचा अंदाज बांधता आला पाहिजे. कॅमेरा लागेल, वेग मोजावा लागेल, हुलकावणी द्यायला शिकवावं लागेल.

ते जमलं की दुसऱ्या वर्षी विटीदांडू. गल्लीवर, म्हणजे जमिनीतल्या खळग्यावर, ठेवलेली विटी कोलणं एकवेळ जमेल. पण टोकावर टिचकी मारून ती हवेत उडवायची आणि गरगरत खाली येताना दुसरा टोला हाणायचा, यात विटीचं एक टोक कुठे असेल हे पापणी लवण्याच्या आत ठरवावं लागतं. त्यापुढे वकट, लेंड, मूंड, नाल. विटी कधी पायावर, कधी मुठीवर, कधी डोळ्यावर ठेवून टोलवायची. नावं आणि क्रम गावागणिक वेगळे, तेव्हा नियमपुस्तिका लिहायलाच आधी एक बैठक बसवावी लागेल, आणि त्या बैठकीला कोल्हापूरचे, विदर्भातले, कोकणातले असे म्हातारे बोलवावे लागतील. ते भांडतील. भांडू देत. एका वर्षात एखाद्या आयटीआयतली चार पोरं भंगारातून डोळ्यावरून विटी टोलवणारं यंत्र उभं करतील, असा माझा भरवसा आहे.